व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि रॉकर आर्म बदलायचेत? आधी मोजमाप, मग पाना

इंजिन ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेरे) असतं तेव्हा कॅम त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे ३००० ने फिरत असतो. हिशोब केला तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि ५० वेळा बंद होतो. उघडायचं काम कॅमचं, तो ढकलतो म्हणजे ढकलतोच. बंद करायचं काम मात्र एकट्या स्प्रिंगचं, आणि ती कमी पडली की व्हॉल्व्ह वेळेत सीटवर येत नाही, लिफ्टर (कॅमवर टेकून वरखाली होणारा तुकडा) कॅमचा लोब म्हणजे फुगवटा सोडून हवेत राहतो, व्हॉल्व्ह सीटवर आपटून परत उसळतो. यालाच व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. गाडी चालवताना ते असं जाणवतं की वरच्या आरपीएमला अचानक ताकद संपते, इंजिन अडखळतं, जणू कोणी मागून धरलंय, आणि बरेच जण तिथे इग्निशनला किंवा गाडीतल्या फ्युएल पंपाला दोष देत बसतात.

आणि हे आरपीएमच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, वर्गाने वाढतं. ६००० वरून ७००० ला गेलात तर वेग फक्त सहाव्या भागाने वाढला, पण व्हॉल्व्हला परत फिरवायला लागणारं बल जवळपास ३६ टक्के वाढलं. त्यामुळे "स्टॉक स्प्रिंग आत्तापर्यंत चालली ना, अजून हजार आरपीएम चालेल" हा हिशोब चुकतो.

आता रॉकर. रॉकर म्हणजे साधी तरफ आहे, कॅमने जेवढं उचललं त्याला रेशोने गुणून व्हॉल्व्हला देते. जुन्या शेवी (शेवरोले) स्मॉल ब्लॉक व्ही८ चा रेशो १.५, फोर्डच्या स्मॉल ब्लॉकचा १.६, आणि शेवीच्याच नंतरच्या एलएस मालिकेतल्या एलएस१ चा १.७. समजा लोबची लिफ्ट ०.३३३ इंच आहे, तर १.५ च्या रॉकरला व्हॉल्व्ह साधारण ०.५०० इंच उघडेल आणि १.६ चा रॉकर टाकला तर ०.५३३. कॅमला हात न लावता ०.०३३ इंच जास्त लिफ्ट मिळाली म्हणून लोक खूश होतात, पण तेवढ्याच वेळात व्हॉल्व्हला जास्त अंतर जायचंय म्हणजे तो जास्त जोरात धावणार, आणि त्याला परत आणायचं काम पुन्हा स्प्रिंगचंच. म्हणून स्प्रिंग, रॉकर, पुशरॉड (लिफ्टरपासून रॉकरपर्यंत जाणारी दांडी) आणि कॅम हे मी वेगवेगळे पार्ट धरतच नाही, एक बदलला की बाकी तिघांना विचारावं लागतं. नवीन माणसाची चूक इथेच होते, तो पार्ट आणतो, बसवतो, आणि मोजत काहीच नाही.

हा लेख मुख्यतः पुशरॉडवाल्या व्ही८ साठी आहे, कारण रॉकर बदलायचा प्रश्न जास्त तिथेच येतो. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात गोष्ट वेगळी असते, काहींमध्ये कॅम थेट बकेटवर दाबतो तिथे रॉकरच नाही, होंडाच्या बी आणि के सिरीजमध्ये रॉकर आहेत पण त्यांच्यात व्हीटेकची (वरच्या आरपीएमला मोठ्या लोबवर जायची होंडाची पद्धत) पिन असते त्यामुळे तिथे लोक बहुतेक स्प्रिंग आणि रिटेनर (स्प्रिंगच्या वरची टोपीसारखी चकती) बदलून थांबतात, आणि निसानच्या एसआर२० मध्ये तर जास्त आरपीएम झाले की रॉकर जागेवरून उडून जातो, त्यासाठी रॉकर स्टॉपर मिळतात. मोजमापाची पद्धत मात्र सगळीकडे हीच.

स्प्रिंग कशी निवडायची

कॅमसोबत एक कार्ड येतं, ते फेकू नका, सगळा पाया तोच आहे. त्यावर लिफ्ट असते, आणि बहुतेक वेळा बनवणाऱ्याने सुचवलेली स्प्रिंगही असते. तीच घ्या, उगाच जास्त कडक घेऊ नका. स्प्रिंगचे पाच आकडे समजले पाहिजेत: व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगची उंची म्हणजे इन्स्टॉल्ड हाइट, त्या उंचीला असलेला दाब म्हणजे सीट प्रेशर, पूर्ण उघडल्यावरचा दाब म्हणजे ओपन प्रेशर, दर इंचाला किती पाउंड वाढतात तो रेट, आणि सगळे वेढे एकमेकांना चिकटतात ती उंची म्हणजे कॉइल बाइंड.

एक उदाहरण कागदावर करून बघा. इन्स्टॉल्ड हाइट १.८०० इंच, सीट प्रेशर १३० पाउंड, रेट ४०० पाउंड प्रति इंच, लिफ्ट ०.६०० इंच. पूर्ण उघडल्यावर उंची राहिली १.२०० इंच, दाब झाला १३० अधिक २४०, म्हणजे ३७० पाउंड. कॉइल बाइंड जर १.१०० ला असेल तर ०.१०० इंच जागा शिल्लक. साधारण ०.०६० इंच, म्हणजे दीड मिलिमीटर तरी शिल्लक हवीच, त्याच्या खाली गेलात तर एखाद्या दिवशी वेढे एकमेकांवर आपटतील आणि पुशरॉड वाकेल नाहीतर रॉकर धरणारा स्टड उपटेल. उलट जागा खूपच जास्त सोडली तरी बरं नाही, वेढे मोकळे राहून थरथरतात आणि स्प्रिंग स्वतःच्याच कंपनाने थकते.

जास्त कडक स्प्रिंग म्हणजे जास्त चांगली, हा गैरसमज खूप पसरलेला आहे आणि त्याचं नुकसान मी पाहिलंय. नको तेवढा दाब असला की हायड्रॉलिक लिफ्टर (ज्याच्या आत तेलावर तरंगणारा प्लंजर असतो) दबून जातो, पुशरॉड लवतो, फ्लॅट टॅपेट कॅम (रोलर नसलेल्या सपाट लिफ्टरचा) असेल तर लोब झिजून गोल होतात. आणि जुन्या हेडमध्ये रॉकरचे स्टड नुसते ठोकून बसवलेले असतात, ते कडक स्प्रिंगच्या ओढीने हळूहळू वर येतात. तसं हेड असेल तर आधी आटे पाडून स्क्रूचे स्टड बसवून घ्या, मगच पुढचं बोला.

प्रकारांबद्दल थोडक्यात. बीहाइव्ह स्प्रिंग वर निमुळती असते त्यामुळे रिटेनर लहान आणि हलका बसतो, वरचं वजन कमी झालं की कमी दाबातही जास्त आरपीएम मिळतात, रस्त्यावरच्या गाडीला मध्यम कॅमसाठी मला हीच आवडते. ड्युअलमध्ये आत दुसरी स्प्रिंग असते, एक तुटली तरी दुसरी व्हॉल्व्हला धरून ठेवते, आणि मोठ्या लिफ्टला तो भरवसा महत्त्वाचा आहे. सिंगल बीहाइव्ह तुटली की व्हॉल्व्ह थेट सिलिंडरमध्ये पडू शकतो आणि मग पिस्टन, हेड काहीच वाचत नाही.

रॉकर कुठला

पत्र्याचा दाबून बनवलेला स्टॉक रॉकर, फक्त टोकाला रोलर असलेला, आणि मधल्या टेकूलाही बेअरिंग असलेला पूर्ण रोलर, अशा तीन पायऱ्या समजा. टोकाच्या रोलरपेक्षा मधल्या बेअरिंगने घर्षण जास्त कमी होतं, कारण खरी भार घेणारी जागा ती आहे. अ‍ॅल्युमिनियमचा रॉकर हलका असतो पण त्याला थकवा येतो, स्टीलचा जड दिसतो तरी चांगल्या डिझाइनमध्ये वजन टेकूजवळ ठेवून टोक बारीक केलेलं असतं. बघायचं ते टोकाचं वजन, कारण व्हॉल्व्हबरोबर तेच वरखाली पळतं.

एलएस इंजिन असेल तर एक गोष्ट नक्की सांगेन: स्टॉक रॉकर काढून टाकायची घाई करू नका. तो हलका आहे, मजबूत आहे. त्याचा कच्चा दुवा एकच, ट्रनियनची (रॉकर ज्यावर डोलतो त्या मधल्या आसाची) सुई बेअरिंग, जोराच्या स्प्रिंगवर तिच्या बारीक सुया बाहेर पडून तेलात फिरतात. ट्रनियनचं बुशिंग किट टाकलं की बहुतेकांचं काम होतं.

जुन्या स्मॉल ब्लॉकला १.५ वरून १.६ करताना पुशरॉड स्टडच्या बाजूला सरकतो, आणि हेडमधल्या खाचेला घासू शकतो. पार्ट बसवून, इंजिन हाताने फिरवून, टॉर्च मारून तिथे बघा. घासत असेल तर खाच थोडी लांब करावी लागते.

हत्यारं

स्प्रिंग कंप्रेसर (हेड गाडीवरच असताना चालणारा), स्पार्क प्लगच्या भोकात बसणारा हवेचा अडॅप्टर आणि कॉम्प्रेसर, टॉर्क रेंच, व्हर्नियर, स्प्रिंगची उंची मोजायचा मायक्रोमीटर, डायल गेज, लांबी बदलता येणारा चेकिंग पुशरॉड, दोन हलक्या चेकिंग स्प्रिंग, शिम (स्प्रिंगखाली टाकायच्या पातळ चकत्या), लोहचुंबक, काळा मार्कर, थोडं ग्रीस. चष्मा लावाच, तो विसरायचा नाही, दाबलेली स्प्रिंग सुटली तर रिटेनर कुठे जाईल सांगता येत नाही.

खोलायला सुरुवात

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची तार काढा, सगळे प्लग काढा म्हणजे क्रँक हाताने सहज फिरेल, मग व्हॉल्व्ह कव्हर. पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर लिहा आणि प्रत्येक पुशरॉड, रॉकर त्याच्याच भोकात, तीच बाजू वर ठेवून खोचा, कारण एकमेकांवर घासून घासून ते जोडीने बसलेले असतात आणि परत वापरणार असाल तर जोडी मोडायची नाही. पुशरॉड काचेवर लोळवून बघा, वाकलेला लगेच डुगडुगतो.

आता सगळ्यात जपून करायचा भाग. लॉक (रिटेनरला व्हॉल्व्हच्या दांड्यावर, म्हणजे स्टेमवर, अडकवणारे दोन अर्धे तुकडे) काढले की व्हॉल्व्हला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, म्हणून त्या सिलिंडरचा पिस्टन टीडीसीला, म्हणजे एकदम वरच्या टोकाला आणायचा, आणि प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवायचा. पिस्टन खाली असताना व्हॉल्व्ह सुटला तर तो आत पडेल आणि हेड काढल्याशिवाय बाहेर येणार नाही. एलएसचा फायरिंग ऑर्डर १-८-७-२-६-५-४-३, त्यामुळे १ आणि ६ एकाच वेळी वर असतात, मग क्रँक पाव फेरा पुढे फिरवला की ८ आणि ५, मग ७ आणि ४, मग २ आणि ३. म्हणजे चार थांब्यांत आठही सिलिंडर होतात. हवा सोडायच्या आधी क्रँकवरचा पाना काढून घ्या, पिस्टन नेमका वर नसेल तर हवेच्या दाबाने क्रँक झटक्यात फिरतो आणि तो पाना हातावर बसतो. मॅन्युअल गाडी असेल तर गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढा.

हेडमध्ये तेल खाली जायची जेवढी भोकं दिसतील तेवढी स्वच्छ फडक्याने बुजवा. माझ्या हातून एकदा एक लॉक निसटला आणि टिक टिक आवाज करत आत गेला, तो तांदळाच्या चार दाण्यांएवढा तुकडा शोधायला अख्खा सम्प उतरवावा लागला, दोन दिवस गेले. फडकी कोंबायला दोन मिनिटं लागतात.

जुने लॉक रिटेनरमध्ये चिकटलेले असतात, नुसतं दाबत बसू नका. रिटेनरवर सॉकेट ठेवून हलका हातोडा मारा, सुटल्याचा आवाज वेगळा येतो, मग कंप्रेसर लावून दाबा आणि लॉक चुंबकाने उचला. स्टेमवरचं जुनं तेलाचं सील काढून टाका, नवीनच टाकायचं, इथपर्यंत येऊन जुनं सील ठेवणं म्हणजे परत खोलायची तयारी. एलएसला एक लक्षात ठेवा, स्टॉक सील आणि स्प्रिंगची सीट एकच तुकडा असतो, ड्युअल स्प्रिंगच्या किटमध्ये सीट आणि सील वेगळे येतात, दोन्ही आलेत ना ते आधीच बघून घ्या. सील चढवताना स्टेमच्या टोकाला प्लॅस्टिकची टोपी किंवा टेप लावा नाहीतर लॉकची खाच सीलचा ओठ कापते.

आधी एकाच सिलिंडरवर सगळं मोजा

इथे घाई करू नका, सोळाच्या सोळा स्प्रिंग बसवून मोकळं व्हायचा मोह होतो. एकच सिलिंडर घ्या, एक इनटेक एक एक्झॉस्ट.

पहिलं मोजमाप इन्स्टॉल्ड हाइट. नवा रिटेनर, नवे लॉक आणि स्प्रिंगच्या जागी मायक्रोमीटर ठेवून वर ओढून धरा आणि आकडा वाचा. पेटीवर १.८०० लिहिलंय म्हणून तुमच्या हेडवर १.८०० येईलच असं नाही, सीट कधी कापलेली असते, व्हॉल्व्ह थोडा आत बसलेला असतो. एका हेडवर मला एक व्हॉल्व्ह १.८३० मिळाला. ४०० च्या रेटला ते ०.०३० म्हणजे १२ पाउंड कमी, आणि शेजारच्या सगळ्या व्हॉल्व्हपेक्षा तोच एक आधी फ्लोट झाला असता. ०.०३० चा शिम खाली टाकला की हिशोब बसला. उंची प्रत्येक व्हॉल्व्हची मोजायची, वहीत लिहायची, सोळा आकडे. बाकीची मोजमापं एका सिलिंडरवर चालतात, ही नाही.

मग सील आणि रिटेनरमधलं अंतर. रिटेनर खाली येऊन पूर्ण लिफ्टला सीलवर आपटता कामा नये, तिथेही ०.०६० इंच मोकळी जागा ठेवा.

तिसरं, रॉकरची भूमिती. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करने काळं करा, हलकी स्प्रिंग, रॉकर आणि चेकिंग पुशरॉड लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, मग रॉकर काढून टोकाकडे बघा. काळ्यामध्ये एक चकाकती आडवी पट्टी दिसेल. ती अरुंद आणि साधारण मधोमध हवी, आणि मी आधी अरुंदपणा बघतो, मग मध्य. पट्टी रुंद असेल तर रोलर टोकावरून जास्त घसरतोय आणि व्हॉल्व्हला बाजूला ढकलून त्याची गाइड (ज्या नळीत स्टेम सरकतो ती) खातोय. पुशरॉडची लांबी थोडी थोडी बदलून परत काळं करा, परत फिरवा. पाच-सहा वेळा करावं लागतं, कंटाळा येतो, पण पट्टी बारीक होताना दिसली की कळतं आपण काय करतोय. हायड्रॉलिक लिफ्टरचा प्लंजर जोराच्या स्प्रिंगखाली दबतो आणि खोटं माप देतो, म्हणूनच हलकी चेकिंग स्प्रिंग. मग त्या लांबीत लिफ्टरचा प्रीलोड (ढिलाई संपल्यावर प्लंजर जेवढा आत दाबून ठेवायचा तेवढं अंतर) मिळवायचा आणि तेवढ्याचे पुशरॉड मागवायचे. एलएसचा स्टॉक पुशरॉड ७.४०० इंच असतो, पण कॅम बदलला, हेड घासलं, गॅस्केट बदललं की तो आकडा तुमचा राहत नाही.

एलएसला ही लांबी दुप्पट महत्त्वाची आहे कारण तिथला रॉकर ॲडजस्ट होत नाही, बोल्ट २२ पाउंड-फूट, म्हणजे ३० न्यूटन मीटरला आवळला की जो प्रीलोड आला तो आला, आणि तो पुशरॉडच ठरवतो.

चौथं, पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर. कॅम किंवा रेशो बदलला असेल तर हे टाळायचं नाही. हलकी स्प्रिंग लावलेलीच आहे, डायल गेज रिटेनरवर टेकवा, एक्झॉस्टसाठी ओव्हरलॅपमध्ये (दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात तेव्हा) टीडीसीच्या साधारण १० अंश आधी आणि इनटेकसाठी १० अंश नंतर, आजूबाजूच्या दोन-तीन अंशांनाही, व्हॉल्व्ह बोटाने खाली दाबून पिस्टनला टेकेपर्यंत किती जातो बघा. हायड्रॉलिक लिफ्टरच्या जागी तेवढ्यापुरता सॉलिड लिफ्टर असेल तर माप जास्त भरवशाचं. इनटेकला ०.०८० इंच आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच हा प्रचलित किमान आकडा आहे. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापून लांब होतो, आणि फ्लोट झाला तर पिस्टन त्याचाच पाठलाग करत वर येतो.

बसवणी

मोजमापं जुळली की बसवणं सोपं आहे. स्प्रिंगला तेल लावा, शिम, सीट, सील, स्प्रिंग, रिटेनर, कंप्रेसरने दाबा. लॉकच्या आतल्या बाजूला ग्रीसचा ठिपका लावा म्हणजे तो स्टेमला चिकटून राहतो, एक बाजू बसवा, मग दुसरी, आणि कंप्रेसर हळू सोडा. दोन्ही अर्ध्यांमधली फट सारखी दिसली पाहिजे आणि दोघांची वरची कड एका पातळीत. एक वर एक खाली असेल तर परत दाबा. शेवटी चष्मा लावूनच स्टेमच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोडीने एक टिचकी, लॉक चुकीचा बसला असेल तर तो इथेच उडू दे, ६००० ला नको.

स्टडवाल्या रॉकरचा प्रीलोड असा लावा: त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट उघडायला लागला की इनटेक ॲडजस्ट करा, आणि इनटेक उघडून जवळजवळ बंद होत आला की एक्झॉस्ट. नट आवळत पुशरॉड दोन बोटांत धरून वरखाली हलवा. वरखालीची खळखळ संपली तो शून्य. बरेच जण पुशरॉड फिरवून बघतात, पण तेलकट पुशरॉड प्रीलोड आल्यावरही फिरतो आणि फसवतो. शून्यापासून अर्धा ते पाऊण फेरा, किंवा लिफ्टरवाल्याने जे सांगितलं असेल ते, मग नटाच्या मधला स्क्रू लॉक करा (अशा स्क्रूवाल्या नटाला पॉलीलॉक म्हणतात). सॉलिड लिफ्टर असेल तर फिलर गेज आणि कॅम कार्डवरचा आकडा, तो गरम इंजिनचा आहे की थंड ते वाचून.

कव्हर लावण्याआधी हाताने दोन फेरे फिरवा आणि कान देऊन ऐका. रोलर रॉकर उंच असतात, कव्हरला आतून लागतात, कव्हर ठेवून फिरवल्यावर आत खरवडल्याची खूण दिसली तर उंच कव्हर किंवा जाड गॅस्केट लागेल. भोकातली फडकी मोजून बाहेर काढा, जेवढी घातली तेवढीच.

पहिला स्टार्ट

आधी तेलाचा दाब वर येऊ द्या. चालू झाल्यावर १५०० ते २००० आरपीएमला सामान्य तापमानापर्यंत जाऊ द्या, मग बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या. नव्या स्प्रिंगला ही पहिली गरम-थंड फेरी हवी असते, तिच्यात थोडा दाब उतरतो आणि मग ती स्थिरावते, थेट रेडलाइनला नेली तर लवकर तुटते. नवा फ्लॅट टॅपेट कॅम असेल तर गोष्ट अजून नाजूक, ड्युअल स्प्रिंगची आतली काढून, झिंकवालं तेल टाकून कॅम रुळवायचा, आणि मग आतली स्प्रिंग परत घालायची.

रेव्ह लिमिटर (आरपीएमची वरची मर्यादा) एकदम वर नेऊ नका, दोन-तीनशेच्या टप्प्याने न्या आणि प्रत्येक टप्प्याला इंजिन वरपर्यंत स्वच्छ ओढतंय का बघा. लिमिटर चुकीच्या डाउनशिफ्टपासून वाचवत नाही हेही लक्षात असू द्या, चाकं इंजिनला फिरवतात तेव्हा इंधन तोडून काही होत नाही, आणि स्प्रिंगवर खरा अत्याचार तिथेच होतो.

काही शे किलोमीटर झाले की कव्हर परत काढा. पॉलीलॉक ढिले झालेत का, एखादा वेढा तुटलाय का, कुठे निळसर रंग किंवा नवी चमकलेली जागा आहे का, रिटेनरच्या खाली स्प्रिंगने खोबण पाडलीय का. हेडवरच सीट प्रेशर मोजायचा टेस्टर मिळाला तर सोळाही मोजा आणि त्याच वहीत पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. सगळ्या थोड्या सारख्या उतरल्या असतील तर ठीक, एखादीच बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा पाउंड खाली गेली असेल तर ती चालवत राहू नका, त्याच दिवशी बदला.